चार हात वर

माझं ऐकायला आता खालच्या आळीत कुणी उरलेलं नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

मी नदीच्या पायऱ्यांवरचा दगडी खांब. उंची दहा हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. अंगावर आडव्या रेघा आहेत, एकेका पुराची एकेक. मला कुणी देव समजू नये, स्मारकही समजू नये. दुकानदाराकडे वजन असतं, शिंप्याकडे फीत असते, तसा मी नदीचं माप. एवढंच माझं काम होतं. तेवढंही माझ्या हातून नीट झालं नाही, आणि मला तर हातही नाहीत.

माझा जन्म टेकडीमागच्या खाणीतला. माझ्याआधी गावाला माप नव्हतं. गाव म्हणजे तरी काय, शे-सव्वाशे घरं, एक होडी आणि आठवड्याचा बाजार. नदी ओलांडायला दूरवर दुसरी जागा नव्हती, म्हणून पलीकडची माणसं, शेळ्या, मडकी, बियाणं, नवऱ्या मुली, सगळं याच होडीतून अलीकडे यायचं. होडी होती म्हणून बाजार होता, आणि बाजार होता म्हणून गाव.

एका वर्षी पुरानं त्यातली अर्धी घरं नेली. मागे राहिलेले रडून झाल्यावर भांडू लागले. पाणी कुठवर आल्यावर निघायला हवं होतं? कुणी म्हणे कंबरेला लागलं तेव्हाच. कुणी म्हणे छातीपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बुटक्याची छाती आणि उंचाची कंबर एकाच ठिकाणी येते. शेवटी गावचा पाथरवट वैतागून म्हणाला, "आपापली अंगं घरी ठेवा. गावाला मी एकच अंग करून देतो."

ते अंग म्हणजे मी.

त्यानं माझ्या अंगाभोवती चार खोल कडी कोरली. तीन हातांवर गुडघा, पाच हातांवर कंबर, सातावर छाती, नवावर गळा. सगळ्यांत खालच्या पायरीत चौकोनी खड्डा खणून मला उभं केलं, फटींत शिसं ओतलं आणि हात झटकत म्हणाला, "माप एकदा बसलं की हलवायचं नाही. हललेलं माप चोरापेक्षा वाईट. चोर निदान पळून तरी जातो." हे वाक्य त्याच्या घराण्यात राहिलं. गावात मात्र राहिलं नाही.

मग गावाचा नियम ठरला. गुडघा भिजला की होडी वर ओढायची. कंबर भिजली की गुरं टेकडीवर न्यायची. छाती भिजली की माणसांनी निघायचं, चुलीवरचं चुलीवर टाकून. आणि गळा भिजला तर खालच्या आळीत जिवंत माणूस दिसता कामा नये.

परगावचे पाहुणे या नियमाला हसायचे, कारण छाती भिजते तेव्हा खालच्या आळीचे उंबरठे कोरडे ठणठणीत असतात. आळी नदीलगतच्या उंचवट्यावर आहे. पायऱ्या चढून आलं की आळीचं तोंड, आणि सरळ आत गेलं की आळीचं शेपूट. त्या शेपटापाशी जमीन खाली उतरते, खोलगट होते, आणि मग पुन्हा टेकडीकडे चढते. गोम तिथे आहे. आमची नदी समोरून घरात शिरत नाही. माझी छाती भिजली की ती खालच्या अंगाला वळसा घालून त्या खोलगटात मागून येते. उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला वाटतं, पाणी अजून कुठे आलंय. आणि त्याची पाठची वाट गेलेली असते.

म्हणून पाऊसकाळ लागला की नावाडी एक जुनी होडी त्या कोरड्या खोलगटात नेऊन झाडाला बांधून ठेवायचा. गवतात होडी, आणि तिच्यात कोंबड्या बसलेल्या. पाहुणे आणखी हसायचे. नावाडी म्हणायचा, "हसा. हसायला जिवंत राहावं लागतं."

हा नावाडी म्हणजे माझा माणूस. त्याच्या आजापासून होडी त्यांच्याच घरात होती. आळीच्या तोंडाशी पहिलं घर त्याचं, त्याच्या उंबऱ्यावरून मी आणि माझ्यावरून त्याचा उंबरा दिसायचा. सारं गाव त्याला तात्या म्हणायचं, अगदी त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. पूर ओसरला की गाव पायऱ्यांवर जमायचं. माझ्या अंगावर चिखलाची ओळ राहिलेली असायची. त्या ओळीवर तात्या बोट ठेवायचा, पाथरवट तिथे रेघ कोरायचा. एवढा वेळ कुणी बोलत नसे. रेघ पुरी झाली की मात्र बायका लगेच म्हणायच्या, "चला, झाली नोंद. आता घरातला गाळ काही खांब काढणार नाही."

बरी गेली ती वर्षं. धुणं धुणाऱ्या बायका पाठ दुखली की मला टेकायच्या. शेळ्या अंग घासायच्या. आया पोरांना माझ्या शेजारी उभं करून सांगायच्या, "गुडघ्याएवढा झालास की होडीत एकटा बसायचं." माझा गुडघा म्हणजे तीन हात, नवव्या-दहाव्या वर्षी पोरं तिथवर पोचायची. गावातली तीन पिढ्यांची माणसं मी माझ्या गुडघ्यापासून मोठी होताना पाहिली. दर पावसाळ्यात नदी माझे पाय धुवायची, कधी कंबरेला हात घालायची. त्या सबंध काळात तीनदा छाती भिजली, एकदा गळा. चारही वेळा आळी आधीच टेकडीवर जाऊन बसली होती. चारही वेळा शेपटाकडची घरं गेली, माणूस एकही गेला नाही.

यश फार दिवस टिकलं की माणसं ते कशामुळे मिळालं हे विसरतात. हे मी कुणाला टोचून बोलत नाही. मी दगड आहे, मला विसरता येत नाही, म्हणून मला हे सोपं दिसतं.

मग पूल आला. वरच्या अंगाला, मोठ्या रस्त्याचा. बाजार पुलापाशी सरकला, होडी रिकामी राहू लागली. तात्याचा मुलगा मालवाहू गाडीवर लागला तो महिनोन् महिने बाहेर. गावाला मात्र उत्साह चढला होता. गावसमिती झाली आणि तिचा प्रमुख झाला गिरणीवाला, ज्याला सगळे दादा म्हणत. हा माणूस वाईट नव्हता. उलट त्याच्याइतकं माझ्यावर कुणी प्रेम केलं नसेल. आपल्या आजीला तिच्या लहानपणी माझ्या नियमानं वाचवलं, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

त्यानं ठरवलं, पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर रुंद फरसबंदी करायची, बाकडी टाकायची, दिवे लावायचे. आणि मला तिथे आणायचं, एका चौथऱ्यावर.

समितीची बैठक पायऱ्यांवरच झाली, त्यामुळे मी ऐकली. दादा म्हणाला, "खांब बिचारा खाली गाळात उभा असतो. कुत्री तंगडी वर करतात. हा आपल्या गावाचा आधार, त्याची ही जागा? पुलावरून जाणाऱ्याला दिसला पाहिजे."

तात्या उठून उभा राहिला. "दादा, तो गाळात आहे म्हणूनच त्याला पाणी कळतं. तुम्ही त्याला वर नेलात की तो काय मोजणार, वारा?"

लोक हसले.

"तात्या, तुमची होडी बंद पडली म्हणून तुमचा राग आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"राग आहेच. पण तो वेगळा. तो मी बायकोवर काढतो."

पुन्हा हसले. दादाही हसला, आणि प्रेमानं म्हणाला, "अहो, आपण त्याला मान देतोय."

"मान द्या ना. पाय कशाला उचलता त्याचे?"

त्या दिवशी सगळ्यांना तात्याचं बोलणं आवडलं. पटलं कुणालाच नाही. समितीत हिशेबात हुशार अशी तीन माणसं होती. प्रत्येकाला वाटलं, कडी किती वर सरकतील ते दुसऱ्यानं बघितलं असणार.

मला उचललं तेव्हा शिसं फाटल्याचा आवाज झाला. चाळीस माणसांनी दोर लावून मला वर चढवलं, घामाघूम झाली, एकमेकांना चेव देत होती. तो दिवस त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर तात्या होडीचा लांब दोर घेऊन आला. सोबत त्याची सून, नवीन लग्न झालेली, हातात डांबराचा डबा. जुन्या खड्ड्यापासून माझ्या नव्या पायापर्यंतची उंची त्यानं काठी आडवी धरून, दोर लावून मोजली. तीन हात फरसबंदी, एक हात चौथरा. चार हात. त्यानं दोराला तिथे घट्ट गाठ मारली.

"बघ पोरी," तो सुनेला म्हणाला, "आता याचा गुडघा भिजेल तेव्हा खरी छाती भिजलेली असेल. तीन नि चार सात."

"आणि याची कंबर म्हणजे खरा गळा," सून म्हणाली. "पाच नि चार नऊ."

"शहाणी आहेस. नावाड्याच्या घरी का आलीस?"

"तुम्हीच मागणी घातलीत."

तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं होडीला लावतात तसं डांबर ब्रशानं माझ्या गुडघ्याभोवती वीतभर रुंद लावलं. काळा पट्टा. इथे निघा, असं सांगणारा. माझ्या अंगावर कुणी काढलेली ती शेवटची खरी खूण.

सकाळी गावात एकच बोंब. तात्यानं खांबाला काळं फासलं. दोन दिवसांवर उद्घाटन आलं होतं आणि गावाच्या आधाराला यानं काळं फासलं. माणसं खरोखर दुखावली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं स्वतः रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन अर्धा दिवस मला घासलं. तात्या समजावत होता, दोर दाखवत होता, पण काळं फासणाऱ्याचं गणित कोण ऐकणार? शेवटी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्यानं मागितली. फक्त माझ्याकडे बघून मागितली. मी काय ते समजलो.

दोर त्यानं गुंडाळून घरात खुंटीला टांगला. त्याची जुनी होडी, ती कोरड्यातली, तीही समितीनं मागून नेली, माझ्या शेजारी ठेवली, तिच्यात माती भरून फुलझाडं लावली. फुलं छान आली. आम्हा दोघांचे फोटो खूप निघाले.

पुढे पंधरा वर्षं माझे पाय कोरडे राहिले. नदी पूर्वीसारखीच वर यायची, पण मी तिच्या वाटेत नव्हतो. लोक माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पूर्वी काय पूर यायचे, आता खांबाच्या पायालासुद्धा पाणी लागत नाही. नदी शहाणी झाली." नदी शहाणी झाली या भरवशावर आळीत नवी घरं उठली, पुरात गेली तरी पुन्हा उभी करता यावीत म्हणून पूर्वी बांबूच्या हलक्या ताट्यांची असायची ती आता जड मातीच्या भिंतींची झाली. मी ओरडून सांगितलं असतं. दगडाचं ओरडणं म्हणजे तडा जाणं; तेवढं उन्हानं केलं, पण त्यात कुणीतरी सिमेंट भरलं.

तात्याचे डोळे गेले. रोज सून त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवायची, माझ्या चौथऱ्यावर बसवायची. तो पाठ मला टेकून मला गोष्टी सांगायचा. आधी गोष्टींत पूल होता. मग पूल गेला. मग मला हलवल्याचा दिवसही गेला. त्याच्या गोष्टींत मी पुन्हा खालच्या पायरीवर, गाळात, पाण्यात उभा होतो. आंधळ्या बोटांनी तो माझा गुडघा चाचपायचा आणि म्हणायचा, "अजून भिजला नाहीस. यंदा उशीर आहे."

गावात मी हलवलेला आहे हे जीव तोडून सांगणारा एक माणूस होता. तो विसरला.

सुनेला माहीत होतं. पण तिचं सांगणं म्हणजे, म्हाताऱ्याचं जुनं भांडण सून पुढे चालवते, असं झालं होतं. ती शिवणकाम करायची, आळीतल्या सगळ्या बायकांची मापं तिच्याकडे होती. त्यावरूनही चिडवायचे. "हिला सगळं चार हात कमीच वाटतं. झंपर मात्र घट्ट शिवते."

आणि मग तो पावसाळा आला. वरच्या मुलखात पाच दिवस पाऊस थांबला नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी पाणी फरसबंदीवर चढलं. बाकडी गेली. फुलझाडांची होडी पाण्याखाली गेली, आणि गंमत बघा, नावाड्याच्या आळीत होडी बुडताना पाहून कुणाचं काळीज हललं नाही, कारण ती होडी आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

पंधरा वर्षांनी माझे पाय भिजले. आळीच्या तोंडाशी माणसं जमली. भीती नव्हती, कुतूहल होतं. "खांबाचे पाय भिजले रे," असं कौतुकानं सांगत पोरं घराघरांत पळत होती.

सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती वळली. ती दारोदार गेली. मला तिचा आवाज ऐकू येत होता. "निघा. पोटरीपर्यंत आलंय, म्हणजे खरं कंबरेच्या वर. तासाभरात मागचा रस्ता जाईल."

"वहिनी, उंबरा बघा की. कोरडा आहे."

"उंबरा नका बघू, खोलगट बघा."

"खांबाचा गुडघासुद्धा भिजला नाही अजून. नियम काय आहे? गुडघ्याला होडी ओढायची. आहे होडी तुमच्याकडे? ओढा."

हसले. तरी वीस-पंचवीस घरं निघाली. कुणी तिच्या शब्दाखातर, कुणी तिच्या चेहऱ्याकडे बघून. उरलेली चाळीस घरं तात्याच्या उंबऱ्यासमोर जमली. तात्या दारात बसला होता. पुराचं तोच सांगणार, हा विश्वास अजून होता. बघा कसं असतं. त्याचं खरं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. आज सगळे कान देऊन उभे होते.

"तात्या, पाणी वाढतंय. निघायचं का?"

"कुठवर आलंय?"

"गुडघ्याला टेकलंय."

तात्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी, होडी सोडतानाची शांतता आली. "मग घाई नको. अजून कंबर आहे, छाती आहे. पोरांना जेवू घाला, भांडी बांधा. वेळ आहे."

लोक सुटकेचा श्वास टाकून पांगले. चुली पेटल्या. धूर वर चढताना मला दिसला.

सून धापा टाकत परत आली तेव्हा आळीत भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते. "तात्या, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"जे आहे ते. गुडघा भिजलाय."

"खांब हलवलाय, तात्या. वर आणलाय."

"कोण हलवेल? शिसं ओतलंय त्यात."

ती आत गेली. खुंटीवरचा दोर काढला, गाठीचं टोक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याची बोटं धरून त्यावर लावली. म्हातारा दोर चाचपू लागला. कोपर टेकवून हात मोजू लागला, सवयीनं. एक. दोन. तीन. चार. चौथ्या हाताला गाठ लागली. बोटं गाठीवर थांबली.

मी इतक्या लांबूनही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षं एकदम परत आली.

"पोरी," तो म्हणाला, "डांबर होतं ना गं?"

"होतं. मीच डबा धरला होता."

"मग मी काय सांगून बसलो त्यांना."

त्यानं उभं राहून हाक दिली. होडीवाल्याची हाक, नदीच्या पल्याड जाणारी. पळा. आळी जेवती उठली. पण आळीच्या शेपटाशी पोचले तेव्हा खोलगटात छातीभर पाणी होतं आणि त्याला ओढ होती.

सूनच दोर घेऊन पाण्यात उतरली. पलीकडे पोचली. एक टोक तिनं टेकडीच्या बाजूच्या झाडाला बांधलं, दुसरं अलीकडे शेवटच्या घराच्या खांबाला. दोराला धरून माणसं जाऊ लागली. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या पाठीवर. शंभर गेली, दीडशे गेली. पलीकडे आधी गेलेले हात देऊन त्यांना ओढून घेत होते. मला वाटलं, जमेल. दगडालाही आशा वाटते, तिचा काही उपयोग नसतो एवढंच.

तात्याला न्यायला दोघं आले होते. तो म्हणाला, "आधी बाकीचे. ज्यानं वेळ आहे म्हणून सांगितलं, त्यानं शेवटी निघायचं." आणि उंबऱ्यावर बसून राहिला. पाणी त्याच्या पायांना लागलं तेव्हा माझी कंबर बुडाली होती. खरा गळा.

शेवटच्या घराची भिंत भिजून बसली. जड मातीची, नवी. तिच्याबरोबर घराचा खांब गेला, त्याच्याबरोबर दोर. त्या घडीला दोराला बावीस माणसं होती. पलीकडच्यांनी दोर ओढून घेतला. सून नंतर कुणालातरी सांगत होती, "दोर जड होता, आणि मग एकदम हलका झाला." ओढला तेव्हा त्याला सहा माणसं होती.

टोपल्या विणणारी आणि तिच्या दोन लेकी. कुंभार, जो हसताना डोळे मिटायचा. "उंबरा कोरडा आहे" म्हणणारा तो. सोळा. आणि सतरावा तात्या, त्याचा उंबरा दुपारनंतर मला दिसेनासा झाला.

पाणी माझ्या छातीपर्यंत चढलं, तिथे रात्रभर थांबलं, आणि ओसरलं.

चौथ्या दिवशी गाव पायऱ्यांवर जमलं. रीत म्हणजे रीत. पाथरवटाचं घराणं आता त्याच्या पणतीवर येऊन थांबलं होतं. ती छिन्नी-हातोडा घेऊन आली. माझ्या अंगावर चिखलाची ओळ स्पष्ट होती, छातीच्या कड्यावर. बोट ठेवायला तात्या नव्हता. सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

तिनं बोट ठेवलं नाही. दोर आणला होता. "शिडी लाव," ती पाथरवटाच्या पणतीला म्हणाली. "चिखलापासून चार हात वर मोज."

पणती शिडीवर चढली. दोराचं टोक चिखलाच्या ओळीवर धरलं आणि गाठ वर वर नेली. माझं डोकं संपलं. दोर अजून हातभर उरला होता. ती हवेत गाठ धरून उभी राहिली.

"ताई, इथे दगडच नाही."

"हो," सून म्हणाली. "तिथवर पाणी होतं."

 मला बसवल्यापासून इतका मोठा पूर आला नव्हता, आणि तो लिहायला मी पुरत नव्हतो. शेवटी दादा पुढे आला. तीन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. बुडालेल्यांत त्याच्या गिरणीतली दोन माणसं होती. तो म्हणाला, "चिखल आहे तिथे काढ पोरी. लोकांनी डोळ्यांनी बघितलंय ते."

पाथरवटाच्या पणतीनं सुनेकडे बघितलं. मग खाली उतरली आणि चिखल होता तिथे रेघ कोरली. माझ्या आजवरच्या आयुष्यातली सगळ्यांत सरळ, सगळ्यांत सुबक रेघ. आणि खोटी. ती गळ्याशी असलेल्या जुन्या पुराच्या रेघेपेक्षा दोन हात खाली आहे.

त्यानंतर खालची आळी कुणी बांधली नाही. टेकडीवर नवी वसाहत झाली, सारख्या घरांची, आकड्यांच्या दारांची. होडी नाही, बाजार नाही, नदी दिसतही नाही. माणसं आहेत, पण एकमेकांना हाक मारायला त्यांना आता दार वाजवावं लागतं. सून तिथेच राहते, शिवणयंत्र दारात घेऊन.

परवा दादा पुन्हा आला होता, दोन माणसं आणि फीत घेऊन. तो माझा घेर मोजत होता. सून मागून आली.

"काय चाललंय, दादा?"

"याला वर नेतोय. वसाहतीच्या चौकात. सतरा नावं कोरून घेऊ याच्यावर." त्यानं फीत गुंडाळली. "एवढं तरी करू दे मला."

"न्यायचाच असेल तर खाली न्या. जुन्या खड्ड्यात. खड्डा अजून आहे."

"तिथे कोण बघणार त्याला? खाली राहतंय कोण आता?"

 तिनं माझ्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला, जिथे डांबर होतं तिथे. घासूनही दगडाच्या छिद्रांत थोडं काळं राहिलं आहे. ते तिच्या बोटांना लागलं असेल. ती चढ चढून निघून गेली.

उद्या गाडी येणार आहे. पुन्हा दोर, पुन्हा चाळीस माणसं. या वेळी कुणी विरोध करणार नाही, आणि ते प्रेमानंच उचलतील, हे मला माहीत आहे. पहिल्यांदाही प्रेमानंच उचललं होतं.

तुम्ही कुठल्या गावचे, मला ठाऊक नाही. तुमच्याकडे असा एखादा दगड असेल, एखादं जुनं माणूस असेल, जे गाळात उभं राहून तुम्हाला खरं तेवढं सांगतं. त्याला हवं तर शिव्या द्या. त्याला कुत्र्यांसाठी सोडा. पण कळकळीनं विनवतो, त्याचा सन्मान म्हणून त्याला जागेवरून हलवू नका.

चौकात माझ्याभोवती फरशी असेल. आया मुलांना घेऊन येतील, छातीवरच्या रेघेकडे बोट दाखवतील आणि सांगतील, "त्या वर्षी पाणी इथवर आलं होतं." मूल वर बघेल. त्याला गळ्याशी दुसरी रेघ दिसेल, आणि ते सहज विचारेल, "म्हणजे त्याआधीचा पूर मोठा होता ना?"

आणि आई म्हणेल, "हो. दिसतंय की."